राहिलेले आठ किलोमीटर

सदाशिव पेठ, पुणे
१२ जुलै १९८७

नजमाभाभी,

नमस्कार. तुमच्या-माझ्या घरात चालत वीस मिनिटांचं अंतर, आणि मी पोस्टाची पेटी गाठतेय. सासूबाई म्हणाल्या, "बुधवार पेठेत पत्र पाठवतेस? उद्या स्वयंपाकघरातून माजघरात पाठवशील." पाठवीनही. समोरासमोर आलो तर दोघी रडू आणि बोलायचं ते राहून जाईल. शिवाय अकबरभाईंच्या मयतीच्या दिवशी तुमच्या दिरांनी, गुलजारभाईंनी, ह्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. "तुझ्या नंबरावर मेला माझा भाऊ," हे त्यांचं वाक्य ह्यांनी सात महिने जपून ठेवलंय. तेव्हा तुमच्या दाराशी यायचं म्हणजे मलाही धाडस लागेल. पत्राला लागत नाही.

ह्यांनी पुन्हा धावायला सुरुवात केली आहे.

पहाटे पाचला उठतात, सारसबागेवरून पर्वतीच्या पायथ्याला, तिथून कॅनॉलच्या कडेनं. पूर्वी दोघं जायचे तोच रस्ता. पूर्वी अकबरभाई खालून शीळ घालायचे आणि सगळी आळी उठायची. आता शीळ नाही, पण हे खिडकीपाशी मिनिटभर उभे राहतात आणि मग जिना उतरतात. डिसेंबरातली शर्यत धावायची म्हणतात. पूर्ण बेचाळीस किलोमीटर. मी म्हटलं, "बावन्न वर्षं झाली, ग्रंथालयात बसून कार्डं लिहिता, आता कशाला?" तर म्हणाले, "अकबरचे आठ राहिलेत."

गेल्या वर्षीचं तुम्हाला मी काय सांगू? तरी लिहिते, कारण आपण ते कधी बोललोच नाही. नाव ह्यांनी नोंदवलं होतं, आठवडाभर आधी घोटा मुरगळला, आणि अकबरभाई म्हणाले की माझी फॉर्मची तारीख हुकली, तुझा नंबर वाया कशाला घालवतोस, मला दे. ह्यांनी दिला. चौतिसाव्या किलोमीटरला, येरवड्याला तुरुंगाच्या भिंतीशी अकबरभाई पडले. छातीवरच्या नंबरापुढे यादीत नाव श्यामसुंदर, म्हणून फोन आमच्या खालच्या वैद्यांकडे आला. मला सांगितलं, तुमचे मिस्टर गेले. मी जिना चढून वर आले तर हे हळद लावलेला पाय पाटावर ठेवून पेपर वाचत होते. अर्धा जिना मी विधवा होते, भाभी. वर पोचले तेव्हा कळलं की ती तुम्ही आहात.

तो कापडी नंबरही दवाखान्यातून आमच्याकडेच आला. नाव ह्यांचं ना. ह्यांनी ठेवलाय. धावायला जाताना खिशात असतो.

माझं एकच मागणं आहे. एक ओळ लिहा, की ह्यांचा दोष नव्हता. तुमच्या हातची. आणखी तुम्हाला काही माहीत असेल, आठवत असेल, तर तेही लिहा. हा माणूस पायानं धावत नाहीये, हे मला दिसतंय.

तुमची,
हेमा


बुधवार पेठ, पुणे
१९ जुलै १९८७

हेमाताई,

सलाम. तुमचं पत्र गुलजारभाईंच्या आधी माझ्या हाती पडलं हे बरं झालं.

मी शाळेत तिसरीपर्यंत होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. अक्षर वेडंवाकडं असेल. वाचायला खरी शिकले ती बुकबाइंडिंगच्या कामात. छापखान्यातून सोळा-सोळा पानांचे फर्मे येतात, त्यांच्या घड्या घालताना डोळा पानावर जायचा. नसीमचे अब्बा म्हणायचे, "हाताला घडी घालू दे, डोळ्याला काय वाचायचं ते वाचू दे." आज एका कादंबरीचं मधलं, उद्या दुसऱ्या कुठल्या तरी पुस्तकाचा शेवट. पहिलं पान वाट्याला क्वचित यायचं. त्यामुळे मधलं वाचून मागचं-पुढचं ओळखायची सवय लागली. अजून मीच घड्या घालते. गुलजारभाई दुकान बघतात. त्यांनी मला आणि नसीमला ठेवून घेतलंय.

तुम्ही मागितलेली ओळ लिहिते. श्यामसुंदरभाईंचा काही दोष नव्हता. जे झालं ते नशिबात होतं. मला तर ते शर्यतीला गेलेत हेही माहीत नव्हतं. रोजच्यासारखे धावायला गेलेत असंच वाटलं.

त्यांना सांगा, आठ किलोमीटर कुणाचे राहत नसतात.

घरी माणूस नसलं की पहाट फार लवकर होते. बाकी ठीक.

नजमा


सदाशिव पेठ, पुणे
३० ऑगस्ट १९८७

नजमाभाभी,

तुमची ओळ ह्यांना वाचून दाखवली. मग त्यांनी स्वतः वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली. मला वाटलं, सुटला बाई माणूस. तर म्हणाले, "बघ, भाभींनी मोकळ्या मनानं परवानगी दिली. आता पुरं करायलाच हवं." मी कपाळावर हात मारला. माफी मागितली होती, मिळाला आशीर्वाद.

आता धावणं वाढलंय. रविवारी सिंहगड रस्त्यानं अठ्ठावीस किलोमीटर. घरात केळ्यांचे घड. इराण्याकडे उकडलेली अंडी खाऊन येतात, तोंडाच्या वासावरून मला कळतं, सासूबाईंनाही कळत असणार. आम्ही दोघी "आज हवा कशी आहे" एवढंच विचारतो.

एक वही केली आहे. धावण्यातून काय शिकलो ते लिहितात. माणूस ग्रंथपाल, त्याला घामाचीही नोंद लागते. मी चोरून वाचते. पहिल्या पानावर आहे: "सुरुवातीचे पाच किलोमीटर आपल्याला झेपेल त्याहून हळू धावावेत. तिथं चोरलेलं मिनिट शेवटी दहा मिनिटांनी वसूल होतं." पुढे: "पाणी तहान लागण्याआधी प्यावं. तहान लागली म्हणजे उशीर झालेला असतो. हे अकबरचं." आणखी एक आहे, ते मला नीट कळलं नाही: "तिसाच्या पुढे शरीर खरं बोलतं आणि मन खोटं. कुणाचं ऐकायचं हे आधी ठरवून ठेवावं." कुणाचं ऐकायचं ठरवलंय, ते मात्र लिहिलेलं नाही.

एरवी तब्येत छान. वजन उतरलंय. फक्त दुसऱ्या जिन्यावर थांबून बुटाची नाडी बांधतात. परवा पायात चपला होत्या, तरी वाकले. मी वरून बघत होते, हसूच आलं. आणि पित्त वाढलंय. रोज धावून आले की सोडा पितात, मग ढेकर देतात आणि "झालं" म्हणतात.

तुम्ही कशा आहात? नसीमचं कॉलेज?

हेमा


बुधवार पेठ
२ सप्टेंबर १९८७

हेमाताई,

नसीम बरी आहे. मी बरी आहे. तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि लगेच लिहायला बसले.

या गोष्टी नीट बघा आणि मला कळवा. ते जिन्यावर थांबतात तेव्हा एक हात कठड्यावर असतो का? दुसरा हात कुठं असतो? जबडा चोळतात का, दाढ दुखल्यासारखा? सोडा प्यायल्यावर खरंच बरं वाटतं का नुसतं "झालं" म्हणतात? रात्री उशा दोन घेतात का?

त्यांना डॉक्टरकडे न्या. खालच्या वैद्यांकडे नव्हे, छातीचा आलेख काढणाऱ्याकडे. तुम्ही स्वतः बरोबर जा, आत जा, डॉक्टर काय म्हणतो ते तुमच्या कानांनी ऐका. पुरुषमाणसं डॉक्टरकडून बाहेर येताना अर्धं तिथंच टाकून येतात. आमच्याकडेही सोड्याच्या बाटल्या असायच्या.

हसू नका, ताई. चपलेला नाडी नसते.

नजमा


सदाशिव पेठ, पुणे
१८ ऑक्टोबर १९८७

नजमाभाभी,

उत्तराला उशीर झाला. दसरा, सासूबाईंचे गुडघे, आणि खरं सांगायचं तर तुमच्या पत्राचा जरा रागही आला होता. तुमचे सगळे प्रश्न मी बघितले. हात कठड्यावर असतो. दुसरा जबड्यावर. उशा दोन झाल्यात. भाभी, तुम्ही वीस मिनिटांच्या अंतरावरून हे कसं ओळखलंत? आणि अकबरभाईंना सोडा लागायचा हे तुम्ही इतक्या दिवसांत कधीच बोलला नाहीत.

डॉक्टरकडे हे एकटेच गेले. मी पदर खोचून तयार होते, तर म्हणाले, "मला काय शाळेत घालायला निघालीस?" दोन तासांनी आले ते शीळ वाजवत. अकबरभाईंची शीळ. म्हणाले, "घोड्यासारखा आहे म्हणाला." कागद दाखवा म्हटलं तर कागद ऑफिसात राहिला. दुसऱ्या दिवशीही तो ऑफिसातच राहिला.

शर्यतीच्या फॉर्मला डॉक्टरचा दाखला जोडावा लागतो, त्यासाठी मग आठवड्यानं पुन्हा गेले, हिंदुरावांना बरोबर घेऊन. हिंदुराव म्हणजे ह्यांच्या ग्रंथालयातले शिपाई, मुंढव्याचे, एके काळचे पैलवान. संध्याकाळी दोघं घरी चहाला आले. हिंदुराव म्हणाले, "वैनी, कागुद झाला बगा. आता काळजी करू नगा." मी गमतीनं विचारलं, "तपासलं कुणाला, ह्यांना की तुम्हाला?" "माझी बी छाती बगितली डाक्टरनं. म्हनला, बैलाची हाय," असं म्हणून ते हसले, आणि ह्यांनी त्यांच्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. मग दोघं नुसता चहा पीत बसले. एरवी हिंदुरावांचं तोंड बंद होत नाही.

वहीत नवीन ओळ आहे: "दुखणं आणि इजा यांतला फरक धावणाऱ्यालाच कळतो, दुसऱ्याला नाही." मला ही ओळ आवडली नाही.

हे माझ्याशी खोटं बोलत असतील का? बावीस वर्षांत अंड्यांपलीकडे बोललेले नाहीत. तुम्हाला काही कळत असेल तर लवकर लिहा.

हेमा


सदाशिव पेठ
१५ नोव्हेंबर १९८७

नजमाभाभी,

महिना होत आला, तुमचं उत्तर नाही. दिवाळीचा फराळ हिंदुरावांबरोबर पाठवला होता. तो गुलजारभाईंनी दुकानाच्या पायरीवरूनच परत केला असं समजलं. चकल्यांनी त्यांचं काय बिघडवलं होतं?

शर्यत सहा डिसेंबरला, रविवारी. तीन आठवडे. ह्यांचा रंग उतरलाय. मी विचारते, ते वहीत लिहितात.

काही माहीत असेल तर सांगा. मी दुसऱ्यांदा मागतेय.

हेमा


बुधवार पेठ, पुणे
३० नोव्हेंबर १९८७, सोमवार

हेमाताई,

या पत्राचा कोपरा मीच फाडलाय. घाबरू नका, कुणी गेलेलं नाही. कोपरा फाडलेलं पत्र म्हणजे मरणाची बातमी, ते कुणी उद्यावर ठेवत नाही, दारातच उभ्यानं वाचतात. तुम्ही हे तसंच उभ्यानं वाचावं म्हणून फाडला. मी सहा आठवडे घालवलेत, आता एक दिवसही घालवायचा नाही.

मी तुम्हाला खोटं लिहिलं होतं. नसीमचे अब्बा शर्यतीला गेलेत हे मला माहीत होतं. तो नंबर मीच त्यांच्या बनियनवर शिवला. टाचण्या टोचतात म्हणाले, म्हणून पुस्तक शिवायच्या मेणाच्या दोऱ्यानं, चारही बाजूंनी, पाठ बांधताना घालतो तशा टाक्यांनी. दवाखान्यात तो निघेना, कात्रीनं कापावा लागला असं मागून ऐकलं.

आणि त्यांची फॉर्मची तारीख हुकलेली नव्हती. गेल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ते दाखल्यासाठी डॉक्टरकडे गेले होते, मी बरोबर होते. डॉक्टरनं छातीला नळी लावली, बराच वेळ लावली, मग म्हणाला की हृदयाची झडप खराब झालीय. धावलात तर एक दिवस धावता धावता पडाल. दाखला दिला नाही. बाहेर येऊन त्यांनी तो कागद चार घड्या करून नाल्यात टाकला आणि मला म्हणाले, "श्यामला सांगायचं नाही. तो माझ्याबरोबर धावायचं बंद करेल." मी नाही सांगितलं. सोडा मीच आणून द्यायचे. श्यामसुंदरभाईंचा घोटा मुरगळला तेव्हा त्यांना ईद झाल्यासारखा आनंद झाला. त्यांनी तुमच्या नवऱ्याकडून नंबर मागितला तो हे सगळं लपवून. श्यामसुंदरभाईंनी चांगल्या मनानं दिला. फसवले गेले ते तेच.

मग नसीमच्या अब्बांना घरी आणलं आणि गुलजारभाई दारात ओरडले, "तुझ्या नंबरावर मेला माझा भाऊ." मी आत होते. मी एक वाक्य बोलले असते तर पुरे होतं. पण सगळ्या बायका माझ्याभोवती बसल्या होत्या, नसीम माझ्या मांडीवर डोकं ठेवून होती, आणि मला वाटलं, आता हे बोलले तर ही मुलगी माझ्याकडे कशी बघेल. "अम्मी, तू शिवलास नंबर?" असं म्हणेल. गुलजारभाई आम्हाला घरात ठेवतील का? दुसऱ्या दिवशी बोलू म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते आदल्या दिवसापेक्षा जड झालं. श्यामसुंदरभाईंच्या वहीत आहे ना, तहान लागली म्हणजे उशीर झालेला असतो.

आता हिंदुरावांचं. ताई, डॉक्टरनं बैलाची छाती म्हटलं ती हिंदुरावांची. श्यामसुंदरभाईंना पहिल्या डॉक्टरनं नकार दिला असणार, म्हणूनच तो कागद ऑफिसातून घरी येत नाही. मग फॉर्म हिंदुरावांच्या नावाचा, दाखला हिंदुरावांचा, आणि धावणार तुमचे मालक. दुसऱ्याच्या नंबरावर. मला हे तुमचं पत्र वाचताक्षणीच कळलं. हा फर्मा मी आधी घडी घातलेला आहे.

तेव्हाच लिहायला हवं होतं. तीनदा तुमच्याकडे यायला निघाले. एकदा तर तुमच्या आळीच्या तोंडाशी दळणाच्या गिरणीपर्यंत आले आणि पाय वळले.

हे पत्र त्यांना वाचून दाखवा. सगळं. त्यांना सांगा, अकबरला माहीत होतं, नजमाला माहीत होतं, तुम्हाला एकट्यालाच माहीत नव्हतं. फेडायचं काही नाहीच. ते थांबले की मला एक ओळ कळवा. नसीमला आणि गुलजारभाईंना मी रविवारनंतर सांगणार आहे, काय व्हायचं ते होवो.

नजमा


बुधवार पेठ, पुणे
६ डिसेंबर १९८७, रविवार, संध्याकाळ

हेमाताई,

तुम्ही कुठल्या दवाखान्यात आहात मला माहीत नाही. घरच्या पत्त्यावर लिहितेय. ते आहेत की नाहीत हेही मला माहीत नाही. जे मी पाहिलं ते कुणीतरी तुम्हाला सांगायला हवं.

सोमवारच्या पत्राला तुमची ओळ आली नाही. मंगळवार, बुधवार, गुरुवार दारात उभी राहिले. पोस्टमन म्हणाला, "भाभी, तुम्हाला बघून मलाच पत्र लिहावंसं वाटतंय." शनिवारी ठरवलं की तुम्ही वाचलंत, थांबवलंत, आणि माझ्यावर थुंकावं तसं गप्प राहिलात. ते बरोबरच होतं. तरी आज सकाळी नसीमला "पीराला जाते" सांगून बसनं येरवड्याला गेले. जिथं नसीमचे अब्बा पडले तिथं मी वर्षभर गेले नव्हते. लांबच लांब दगडी भिंत, समोर चिंचेची झाडं. पाण्याचं एक टेबल मांडलं होतं, कॉलेजच्या मुली प्लास्टिकच्या ग्लासांत पाणी भरत होत्या. मी झाडाखाली उभी राहिले.

आधी हडकुळी, हलकी मुलं गेली. मग बराच वेळ कुणी नाही. मग दमलेली माणसं यायला लागली. एकाच्या पायातून रक्त येत होतं आणि तो हसत होता. मी प्रत्येक चेहरा बघत होते आणि मनात म्हणत होते, येणार नाहीत, घरी आहेत, पाटावर पाय ठेवून पेपर वाचताहेत.

ते आले. तोंड राखेसारखं. डावा हात जबड्याशी. घाम नव्हता, ताई, सगळ्यांना घाम होता आणि त्यांचं अंग कोरडं होतं. छातीवरचा नंबर टाचण्यांनी लावलेला होता, एका बाजूनं सुटून फडफडत होता.

मी पुढे झाले. त्यांनी मला पाहिलं. आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं मीच त्यांना मारलं. त्यांना वाटलं मी बघायला आलेय! अकबरचे आठ पुरे होताना बघायला! त्यांनी धावता धावता दोन्ही हात जोडले, म्हणाले, "भाभी, आता आठच," आणि वेग वाढवला.

मी कधी धावले नव्हते. लहानपणीही नाही. पदर डोक्यावरून गेला, एक चप्पल तिथंच राहिली. पाण्यावरच्या मुली टाळ्या वाजवायला लागल्या, "चला काकू, चला!" लोक हसत होते. भिंत संपतच नव्हती. छातीत काय होतं ते मला आज कळलं. त्यांना रोज काय होत असेल ते. मी ओरडले, "त्यांना माहीत होतं! डॉक्टरनं सांगितलं होतं! त्यांनी तुम्हाला फसवलं! मी नंबर शिवला!" एवढ्या लोकांत. माझ्याच मोहल्ल्यातली दोन पोरं तिथं उभी होती.

ते थांबले. वळले. आधी त्यांना कळलं नाही. मग मी पुन्हा सांगितलं, हळू, श्वास मिळेल तसं. त्यांनी खिशातून काहीतरी काढलं. तो जुना नंबर होता. त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "मग मी कुणासाठी धावतोय?" आणि भिंतीला पाठ लावून खाली बसले. बसले, पडले नाहीत. हे मी स्वतः पाहिलं.

गाडी आली. बिल्ला लावलेला एक मुलगा नंबर बघून यादी वाचायला लागला, "हिंदुराव, राहणार मुंढवा, घरी कळवा रे." मी त्याचा हात धरला. म्हटलं, "हा हिंदुराव नाही. याचं नाव श्यामसुंदर. सदाशिव पेठ. खाली वैद्य राहतात, त्यांच्याकडे फोन आहे." तो म्हणाला, "बाई, तुम्ही कोण?" मी पत्ता पुन्हा सांगितला. त्यानं लिहून घेतला. या वेळी फोन बरोबर घरी गेला असेल.

मला गाडीत घेतलं नाही. दार लागताना त्यांचे डोळे उघडे होते.

घरी यायच्या आत बातमी पोचली होती. गुलजारभाईंनी दुकानाची किल्ली माझ्याकडून घेतली. नसीम माझ्याशी बोललेली नाही. तिच्या खोलीचं दार आतून बंद आहे. मी बाहेर बसून हे लिहितेय.

एक ओळ लिहा. काहीही असो.

नजमा


सदाशिव पेठ, पुणे
१४ डिसेंबर १९८७

नजमाभाभी,

पत्र हातात घेतल्याबरोबर तुम्ही कोपरे बघितले असतील. चारही शाबूत आहेत.

हे वाचले. मोठा झटका होता. डॉक्टर म्हणाले, आणखी एखादा किलोमीटर धावले असते तर तुम्हाला बोलावण्यात अर्थ राहिला नसता. सहा आठवडे अंथरूण. धावणं कायमचं बंद, जिनाही दिवसातून एकदाच. हिंदुराव रोज येतात, दारात बसतात, रडतात आणि चहा न घेता जातात. "वैनी, म्या बैल हायच," म्हणतात. मी नाही म्हणत नाही.

तुमचं सोमवारचं पत्र मला मिळालं नाही. आलं होतं. मी भाजीला गेले होते, सासूबाईंनी घेतलं. फाटका कोपरा दिसल्यावर त्यांना वाटलं, अकबरभाईंच्या वर्षाच्या दिवसाचं काही असेल. शर्यत चार दिवसांवर, मुलाच्या कानावर अशुभ नको, म्हणून उंबऱ्याच्या आत न आणता परसदारी नेऊन बंबात घातलं. त्या पाण्यानं हे आंघोळ करून ऑफिसात गेले. परवा, तुमचं दुसरं पत्र मी वाचत होते तेव्हा, त्यांनी आपणहून सांगितलं. त्यांना वाचता येतं, भाभी, पण त्यांनी कोपराच वाचला. त्या दिवसापासून त्या जेवत नाहीत.

ह्यांच्याजवळ तुमचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करतात. अकबरभाईंचं काढलं तरी. एकदाच बोलले: "त्यानं मला सांगितलं असतं तर आम्ही दोघं नुसतं चाललो असतो रोज." मग पुन्हा भिंत. तेव्हा तुम्ही इतक्यात येऊ नका. मी रागावलेली आहे आणि माझा नवरा तुमच्यामुळे जिवंत आहे. या दोन्ही गोष्टी अजून मला एका ताटात वाढता येत नाहीत. नसीम बोलायला लागली का ते मात्र कळवा. नसेल तर तिला माझ्याकडे पाठवा, तिला मी सांगते.

काय सांगणार, ते आधी तुम्हाला सांगायला हवं.

सोबत तो जुना नंबर पाठवतेय. ह्यांच्या मुठीत होता, नर्सनं सोडवून दिला. मध्ये कात्रीनं कापलाय, पण कडेचे टाके अजून तसेच आहेत. गेल्या डिसेंबरात तो पहिल्यांदा घरी आला तेव्हाच मी ते पाहिले होते. मेणाचा दोरा, पुस्तकाच्या पाठीचे टाके. आमच्या घरातली अर्धी पुस्तकं तुमच्या हातची आहेत, भाभी, मला ते टाके ओळखू येणार नाहीत का? मयतीच्या दिवशी आत बायकांत बसून तुम्ही "मला काहीच माहीत नव्हतं" म्हणत होतात, आणि हे कापड माझ्या कपाटात होतं.

मला कळलं होतं की तुम्हाला माहीत होतं. किती, ते नव्हतं कळलं. पण विचारलं असतं तर कळलं असतं. मला वाटलं, विधवा बाईला काय उलटतपासणी घ्यायची. तिची ती सांगेल. जुलैमध्ये मी पत्र लिहिलं ते त्यासाठीच. ओळीचं मागणं निमित्त होतं.

ह्यांच्या वहीत शेवटचं पान कोरं आहे. मी त्यात काही लिहिणार नाही. ज्यांनी धावायचं त्यांनी लिहायचं. आपण दोघी तर वर्षभर जागच्या हललो नाही. तुम्ही सांगितलं नाहीत, मी विचारलं नाही, आणि आपल्या दोघींच्या मधल्या त्या वीस मिनिटांच्या रस्त्यावर धावत राहिले ते हे.

हेमा